गळ्यातली थैली : मध्ययुगीन चर्चच्या दारावरचा लोभी माणूस

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ) :
वाचनालयातील एका सचित्र पुस्तकात फ्रान्समधील काँक गावच्या सँत फ्वा चर्चच्या दारावरचे शिल्प पाहिले. बाराव्या शतकातल्या त्या अंतिम न्यायाच्या (जगाच्या शेवटी देव सर्वांचा निवाडा करतो, त्या) देखाव्यात, नरकाच्या भागात, एक माणूस फासावर लटकलेला असून पैशांची थैलीही त्याच्या गळ्यातच आहे. आजोबा ज्या सावकाराबद्दल सांगत, तो पैशांची पिशवी कमरेला बांधी आणि निजतानाही सोडत नसे. मग शिल्पकाराने ही थैली गळ्यात का अडकवली असावी?

उत्तर (अमरावती) :
दादा, फास आणि थैली एकत्र आली की ख्रिस्ती माणसाला आधी येशूचा शिष्य यहूदा आठवतो. तीस चांदीच्या नाण्यांसाठी त्याने येशूला धरून दिले आणि शेवटी गळफास घेतला. फ्रान्समधल्याच ओतँ गावच्या चर्चमध्ये एका स्तंभशीर्षावर त्याचे हे मरण कोरलेले आहे. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते फ्रान्समधल्याच म्वासाकच्या चर्चच्या दक्षिण दारातले शिल्प. तिथे लोभी माणसाच्या गळ्यात थैली आहे, खांद्यावर सैतान बसला आहे आणि समोर भिकारी उभा आहे. कापसाचे गाठोडे मानेवर घेऊन शिवारातून घरी आलेल्याला ते ओझे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ज्याला त्याने आयुष्यभर जिवापाड जपले, तेच आता त्याची मान खाली ओढते आहे, म्हणजे शिक्षा बाहेरून आणावीच लागलेली नाही. त्याच भिंतीवर वर बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट आहे : श्रीमंत पंगतीला बसला आहे, दाराशी लाजर नावाचा भिकारी पडला आहे आणि कुत्री त्याच्या जखमा चाटत आहेत.

उत्तर (वर्धा) :
वरील उत्तरात काळाची भर घालतो. अकराव्या-बाराव्या शतकांत युरोपात बाजारपेठा आणि नाण्यांचा वापर वाढला, व्याजाचा धंदाही वाढला. चर्चने ११३९ च्या लॅटरन परिषदेत (रोममधील धर्मसभेत) व्याजखोरीचा निषेध केला आणि ११७९ च्या परिषदेत उघड व्याजखोराला ख्रिस्ती दफनही नाकारले. मेलेल्याला माती न मिळणे ही केवढी शिक्षा, हे आपल्याकडच्या कोणालाही कळेल. काँकच्या लॅटिन ओळींत चोर, खोटारडे आणि लोभी एकाच रांगेत शिक्षा भोगताना सांगितले आहेत. त्या ओळी बहुतेकांना वाचता येत नसत, पण थैली सर्वांना ओळखता येई, आणि स्पेनमधील सांतियागो या तीर्थक्षेत्राला निघालेल्या यात्रेकरूंना याच दारातून आत जावे लागे.

प्रश्नकर्ता :
आपल्या दोघांचा आभारी आहे. आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर ‘करणी तशी भरणी’चे जुने चित्र टांगलेले आहे, त्यात यमदूत बाहेरून मारतात, कापतात, उकळत्या तेलात टाकतात. म्वासाकच्या त्या माणसाला मात्र कोणी मारत-कापत नाही, तो नुसता वाकला आहे. छायाचित्र पुन्हा काढून पाहिले, तेव्हा भिकाऱ्याकडे आधी लक्ष गेले.