शेकरवर रंग जात नाही, टेबलावर ठेवला की जातो. असं का?

मायक्रो_कळवा
मंडळी, टी.वाय. मायक्रोला आहे, कॉलेज ठाण्यात. प्रोजेक्टसाठी भिवंडीतल्या एका डाइंगमागच्या नाल्याकाठची माती आणली. न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायचं पोषक पाणी) रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ हा कापडाचा रंग, लिटरला १०० मिलिग्रॅम. एक फ्लास्क सतत हलवत राहणाऱ्या शेकरवर लावला. दुसऱ्याला जागा नव्हती, तो टेबलावरच राहिला. आता शेकरवाला काळानिळाच आहे आणि टेबलावरचा फिकट पिवळा! ५९७ नॅनोमीटरला रंग किती प्रकाश शोषतो, ते रीडिंगही पार खाली. वाढ मात्र शेकरवरच दाट आहे. गडबड कुठे? आणि ‘जिवाणूंनी रंग पचवला’ असं लिहू का?

काका_ईटीपीवाले
गडबड काही नाही, असंच व्हायला हवं. ब्लॅक ५ हा अ‍ॅझो रंग. नायट्रोजन-नायट्रोजनचा दुहेरी बंध तुटला की रंग जातो. जिवाणू अ‍ॅझोरिडक्टेज हे एन्झाइम वापरून त्यावर इलेक्ट्रॉन टाकतात. हलवल्याने हवा मिसळत राहिली की तेच इलेक्ट्रॉन ऑक्सिजन पळवतो. म्हणून शेकरवर पोरं खाऊनपिऊन सुखी, रंगाकडे ढुंकून बघत नाहीत.

‘पचवला’ मात्र लिहू नकोस. बंध तुटल्यावर अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स उरतात. त्यांना रंग नसतो, पण काही मूळ रंगाहून घातक. त्यांचे तुकडे करायला बहुतेक वेळा हवाच लागते, म्हणून आधी स्थिर, मग शेकर. सल्फोनेट लागलेले अमाइन्स तिथेही चिवटपणा करतात. आमच्याकडे पाणी ‘स्वच्छ’ दिसलं की मालक खूश, सीओडी (पाण्यातली घाण ऑक्सिडाइज करायला किती ऑक्सिजन लागतो ते माप) कोण बघतो!

आणि सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून तळाला बसलेली पेशींची गोळी बघितलीस का? ती काळीनिळी असेल तर रंग तुटलेला नाही, पेशींना चिकटलाय. ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने मारलेल्या पेशींचा एक फ्लास्क आणि बिनजिवाणूंचा एक, एवढं तरी सोबत ठेव.

नेरूळकर
परिणाम बघायचा तर मूग भिजवा. साधं पाणी, रंगाचं पाणी, तुमचं रंग गेलेलं पाणी. तिन्हींतल्या मोडांची लांबी मोजा. स्वस्त आहे आणि व्हायवात दाखवायलाही बरं. फक्त ब्रॉथचंही एक ताट वेगळं लावा, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही.

शहाड_पूर्व
उल्हासनगरचं जीन्स वॉशचं पाणी वापरलं तर? जवळ पडेल.

काका_ईटीपीवाले
त्यात इंडिगो. तो अ‍ॅझो नव्हे, व्हॅट, म्हणजे रिड्यूस करूनच पाण्यात विरघळवावा लागणारा. ऑक्सिजन संपला की पिवळट होतो, फ्लास्क हलवला की पुन्हा निळा. रीडिंग घेताघेता फजिती. तिच्या प्रोजेक्टला ब्लॅक ५च बरा. त्याचंही पाणी हवेत ठेवल्यावर थोडा रंग परत धरतं, तेव्हा वेळ लिहून ठेवायची.

मायक्रो_कळवा
मग हे थेट ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेच्या प्लांटमध्ये का नाही वापरत?

काका_ईटीपीवाले
तुझे जिवाणू ब्रॉथवर पोसलेत. त्या ब्रॉथचाच सीओडी तुझ्या १०० मिलिग्रॅम रंगापेक्षा कितीतरी जास्त! शिवाय रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या बाथमध्ये लिटरला ४०-५० ग्रॅम मीठ आणि वर सोडा अ‍ॅश. ब्रॉथमध्ये मीठ वाढवत जा, बघ कुठवर तग धरतात. प्रोजेक्टला तेवढं पुरे.

मायक्रो_कळवा
गोळी बघितली. निळसर आहे, काळी नाही.

काका_ईटीपीवाले
म्हणजे थोडा चिकटलाय. गोळी मिथेनॉलने धू, उतरलेला रंग मोज आणि गेलेल्या रंगातून वजा कर. मेलेल्या पेशींची गोळीही तशीच धू.