अनुभव धागा : मोर्चा, लाठीमार आणि पत्रकार

लाठी कुणावर पडेल ते आपल्या हातात नसतं. कुठे उभं राहायचं आणि पडल्यावर कोणता कागद करायचा, हे असतं. कुणाला कुठे कसं मारलं ते इथे नको. उद्या मोर्चाला जाणाऱ्याच्या कामी येईल तेवढंच लिहा.

फोटोग्राफर, पुणे

पोलिसांची रांग आणि मोर्चाची पहिली फळी यांच्यामधली मोकळी जागा फ्रेमसाठी झकास, पण लाठीमार सुरू झाला की पहिला वार तिथेच. कॅमेरा डोळ्याला असताना गळ्यातलं कार्ड हाताआड जातं, म्हणून ‘प्रेस’ पाठीवर मोठ्या अक्षरात हवं. उभं राहायचं ते कडेला, दुकानाच्या पायरीवर. जवळची गल्ली पलीकडे निघते का, हे आधी चालून बघा. पेठांतले बरेच बोळ वाड्यात जाऊन संपतात. डिव्हायडरच्या रेलिंगला पाठ लावलीत तर अडकलात.

लाठीमार सुरू होणार हे आधी कळतं: हेल्मेटच्या काचा खाली येतात, ढाली पुढे सरकतात, एसआरपीची (राज्य राखीव पोलीस) मागची तुकडी गाडीतून उतरते. त्याच्याही आधी दुकानांची शटरं धडाधड पडायला लागतात. तो आवाज आला की लेन्स बदलत बसू नका.

कोणी फोटो डिलीट करायला लावले तर त्या मेमरी कार्डावर नंतर एकही फोटो काढायचा नाही. कार्ड काढून वेगळं ठेवा. वर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बहुतेक फोटो परत मिळतात.

कॅमेरामन, वृत्तवाहिनी

अश्रुधुराबद्दल थोडक्यात. वारा जिकडून येतोय त्या बाजूला आणि उंचावर जा, धूर खाली साचतो. नळकांडं तापलेलं असतं, हात लावू नका. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी घालूच नयेत. डोळे साध्या पाण्याने किंवा सलाइनने, नाकाकडून कानाकडे धुवा; चोळायचे नाहीत. लिंबू, टूथपेस्ट वगैरे उपाय लोक हौसेने सुचवतात, त्यांच्या नादी लागू नका.

डॉक्टर, सरकारी रुग्णालयातील अपघात विभाग

आल्या आल्या ‘एमएलसी करा’ असं स्पष्ट सांगा. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलीस-कोर्टाच्या कामासाठी दवाखान्यात होणारी इजेची नोंद. केसपेपरवर ‘मारहाण’ एवढंच लिहिलं जातं. कोणी, कशाने, किती वाजता, हे रुग्णाच्या शब्दांत लिहून घ्यायला सांगा आणि एमएलसी नंबर टिपून ठेवा.

लाठीचा वळ ओळखू येतो: दोन समांतर लालसर रेघा आणि मधली कातडी फिकट. त्या दोन रेघांमधलं अंतर साधारण काठीच्या जाडीएवढं असतं, म्हणून फोटोत शेजारी पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालेल, त्याचा व्यास २७ मिलिमीटर. आधी चेहऱ्यासकट लांबून एक फोटो, मग जवळून. त्याच दिवशी, २४ तासांनी आणि ४८ तासांनी, कारण काळंनिळं नंतर उमटतं.

डोकं वाचवायला हात वर केलेला असेल तर कोपर ते मनगटाचा एक्सरे हवाच, करंगळीच्या बाजूचं हाड मोडतं. उलटी किंवा गुंगी आली तर सीटी स्कॅन. आणि मांड्या-पाठीवर पुष्कळ मार बसलाय, नंतर लघवी कोका-कोलासारखी गडद झाली, तर घरी थांबू नका. चेचलेल्या स्नायूंमधला घटक मूत्रपिंडात अडकतो. हे दुखणं अंगावर काढणारे फार आहेत.

वकील, फौजदारी

ज्या ठाण्याच्या पोलिसांनी मारलं तिथेच तक्रार घेतील ही अपेक्षा सोडा, पण लेखी अर्ज तिथेच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोच दिली नाही तर रजिस्टर पोस्टाने अधीक्षक किंवा आयुक्तांकडे, बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) कलम १७३(४) खाली. तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, १७५(३). आरोपी लोकसेवक असल्याने १७५(४) प्रमाणे वरिष्ठांचा अहवाल मागवला जातो, त्यात वेळ जातो. पहिल्या अर्जात वेळ आणि जागा मोघम असली की तो अहवाल तिथेच बोट ठेवतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा आहे, पत्रकारावर हल्ला केला तर: ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षक दर्जाच्या खाली नाही. अर्जात या कायद्याचं नाव स्वतः लिहा, नाहीतर साध्या मारहाणीची कलमं लागतात. खोट्या तक्रारीलाही त्यात शिक्षा आहे, म्हणून न पाहिलेलं काही लिहू नका.

तुमच्यावर उलट गुन्हा बहुतेक जुन्या आयपीसीच्या ‘तीनशे त्रेपन्न’चा, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) १३२, सरकारी कामात अडथळा. त्याला उत्तर म्हणजे न कापलेलं फुटेज. रस्त्यावरच्या दुकानांचे डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे) काही दिवसांतच जुनं पुसतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी दुकानदाराला आणि पोलिसांना फुटेज जपून ठेवण्याचं पत्र द्या. मार ठाण्यात बसला असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा परमवीर सिंग सैनी निकाल दाखवा, ठाण्यातलं फुटेज १८ महिने ठेवायला सांगितलंय.

तालुका बातमीदार, मराठवाडा

वरचा कायदा वाचायला बरा आहे. त्यातली पत्रकाराची व्याख्या नोकरीवर किंवा करारावर असलेल्याची आहे. आमच्यात निम्मे जण बातमीमागे पैसे घेणारे, हातात कागद नाही. दैनिकाकडून एका ओळीचं का होईना, नेमणूकपत्र आधी घ्या; मार बसल्यावर मागितलं तर मिळत नाही. 

आणि गावातला लाठीमार चौकात होतोच असं नाही. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीत झाला तो मराठा आरक्षणाच्या उपोषणाच्या ठिकाणीच. मांडवात असाल तर खुंट्यांना ताणलेल्या दोऱ्या पळताना पायात येतात, त्या कुठे आहेत ते आधीच बघून ठेवा.

डेस्क, मुंबई

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ बातमीला पुरतो, कोर्टात लंगडा पडतो. फाइल दाबून लहान केली जाते, वेळ-जागेची माहिती गळते. मूळ कार्ड लिफाफ्यात सील करा, त्यावर तारीख आणि सही. मूळ फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा आकडी ठसा) त्याच दिवशी काढा, कारण साक्ष अधिनियम कलम ६३ च्या प्रमाणपत्रात ती भरावी लागते. कॅमेऱ्याचं घड्याळ निघण्याआधी मोबाइलशी जुळवा. ते दहा मिनिटं मागे असलं की समोरचा वकील तेवढ्यावरच अर्धा दिवस खातो.