मदत हवी आहे: नवऱ्याचा ऑस्ट्रेलियाच्या 190 व्हिसाचा अर्ज अडकलाय, माझ्या नर्सिंगवर नव्याने भरावा का?

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. नवरा केमिकल इंजिनीअर, कलाभवनमधून (इथलं इंजिनीअरिंग कॉलेज) शिकलेला. मी बी.एस्सी. नर्सिंग, 11 वर्षं आयसीयूत आहे. मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाचा 190 चा, म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याच्या शिफारशीवर मिळणाऱ्या कायमच्या व्हिसाचा अर्ज भरला, नॉमिनेशन व्हिक्टोरिया राज्याचं. मुख्य अर्जदार नवरा, त्याच्यासोबत मी आणि 7 वर्षांची लेक. 14 महिने झाले, स्टेटस अजून 'रिसीव्ह्ड'च.

एजंट म्हणाले, मेडिकल आणि पोलीस क्लिअरन्स आधीच उरका, फाईल लवकर हलेल. उरकलं. दोन्ही साधारण वर्षभरच चालतात आणि ते वर्ष उलटलंही. आता परत करायचं म्हणजे लेकीची टीबीची रक्ततपासणीही परत. मी रोज कितीतरी जणांचं रक्त काढते, पण त्या दिवशी तिचा हात मला धरवला नाही. ते पुन्हा करायचं जिवावर येतंय.

मग मी स्वतः वाचायला बसले. ऑस्ट्रेलियाच्या मायग्रेशन कायद्याच्या 51 व्या कलमाने मंत्र्यांना अर्ज हव्या त्या क्रमाने घेता येतात, म्हणजे आधी भरला म्हणून आधी नंबर असं नाहीच. आम्ही भरला तेव्हा 105 नंबरचं डायरेक्शन (हा क्रम ठरवणारा मंत्र्यांचा आदेश) लागू होतं. त्यात पहिला मान रीजनल, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या भागातल्या कामांना, दुसरा आरोग्य आणि शिक्षणाला, तिसरा अ‍ॅक्रेडिटेड स्पॉन्सर (सरकारने खास मान्यता दिलेली कंपनी) असलेल्यांना, त्यानंतर आमच्यासारखे. 2024-25 मध्ये 190 साठी 33,000 जागा होत्या, पण वरचे लोक येत राहिले की आपण तिथेच. वेबसाइटवर निकालाला लागणारे जे महिने देतात, तेही निकाल लागलेल्या अर्जांवरून काढतात. थांबलेले आम्ही त्यात मोजलेच जात नाही.

हे वाचल्यापासून झोप लागत नाही. नर्सिंग दुसऱ्या क्रमांकावर आणि घरात नर्स मी. पण प्राधान्य मुख्य अर्जदाराच्या व्यवसायावरून ठरतं, त्यामुळे माझं नर्सिंग या फाईलमध्ये काहीच कामाचं नाही. भरतानाच कुणी सांगायला हवं होतं.

आता अडचण अशी. मी मुख्य अर्जदार व्हायचं तर स्किल असेसमेंट (शिक्षण-अनुभवाची तपासणी), इंग्रजीची परीक्षा, अर्ज भरायचं नवीन इन्व्हिटेशन, सगळं पहिल्यापासून. फी 4,000 डॉलरच्या वर आणि जुनी परत मिळत नाही. त्यात नवऱ्याने मार्चमध्ये चाळिशी गाठली. वय इन्व्हिटेशनच्या दिवशी मोजतात, म्हणजे निवडीच्या गुणांत वयाचे त्याचे 25 होते ते 15 झाले. हा अर्ज मागे घेतला आणि माझं जमलं नाही, तर त्याला परत शिरणं फार कठीण. मी 36 ची, मला अजून 25 मिळतात.

जाणकारांना विचारते:

जुना अर्ज तसाच ठेवून माझ्या नावाने दुसरा भरलेला चालतो का? कुणी प्रत्यक्ष केलंय?

तिथल्या नोंदणीसाठी आपल्याकडच्या नर्सना एनक्लेक्स (नर्सिंगची संगणकावरची परीक्षा) आणि मग अ‍ॅडलेडला ओएससीई (प्रात्यक्षिक परीक्षा) द्यावी लागते. ते आधी करावं, की असेसमेंट त्याशिवाय होते?

आणि मेडिकल आत्ता करून ठेवू नका, मागतील तेव्हाच करा, असं नवरा म्हणतो. बरोबर आहे ना?

एजंटचे नंबर कृपया देऊ नका, स्वतःचा अनुभव सांगा. सासूबाईंनी गेल्या नवरात्रात "पुढच्या वर्षी कुठे असेल ही" म्हणत लेकीला चणियाचोळी घेतली होती. परवा विचारत होत्या, या वर्षीची शिवायला टाकू का. त्यांना काय सांगू, तेही मला कळत नाहीये.