पांढऱ्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका: व्हिसा नको, मग बाकी काय काय लागतं?

आस्थापना_नाशिक
आमच्या कार्यालयातले दोन कृषी अधिकारी जानेवारीत द्राक्ष अभ्यासदौऱ्यासाठी केपटाऊन आणि हेक्स रिव्हर खोऱ्यात दहा दिवस जाणार आहेत. सोबत निफाड तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचे एक संचालक आहेत. जीआर निघाला आहे. एका अधिकाऱ्यांकडे निळा पासपोर्ट आहे, दुसऱ्यांकडे कुठलाच नाही. हॉटेल आणि तिथली गाडी तिकडची बागायतदार संस्था देणार आहे. साहेब म्हणतात, ऑफिशियल पासपोर्टला व्हिसा लागत नाही, तिकिटं काढून टाका. एजंटने अदिस अबाबामार्गे स्वस्तातलं तिकीट धरून ठेवलंय. काढू का?

टपालवाला
थांबा. साहेबांचं अर्धंच बरोबर आहे. भारत आणि दक्षिण आफ्रिकेत राजनैतिक आणि ऑफिशियल पासपोर्टधारकांना 90 दिवसांपर्यंत व्हिसामाफी आहे, पण ती दौऱ्याला किंवा हुद्द्याला नाही, हातातल्या पुस्तिकेला आहे. गडद लाल पुस्तिका राजनैतिक, पांढरी ऑफिशियल, निळी तुमची-आमची. निळी घेऊन खुद्द सचिव गेले तरी व्हिसा लागणार.

म्हणजे संचालकांना व्हिसा लागेलच. जीआरमध्ये नाव असल्याने त्यांचा पासपोर्ट पांढरा होत नाही. त्यांचा अर्ज आजच हातात घ्या: निमंत्रण पत्र, बँकेचा उतारा, बोटांचे ठसे, आणि मूळ पासपोर्ट निकाल लागेपर्यंत अडकून पडणार. शिष्टमंडळातला एकच माणूस मागे राहतो तो बहुतेक वेळा हाच.

आणि एका देशाचा नियम दुसऱ्याला लावू नका. जर्मनीची माफी राजनैतिक पासपोर्टला आहे, पांढऱ्याला नाही. जिथे माफी नसते तिथे परराष्ट्र मंत्रालयाकडून व्हिसा नोट (व्हिसा द्यावा असं दूतावासाला लिहिलेलं पत्र) घेऊन दूतावासात अर्ज करायचा. तुमच्या दोन अधिकाऱ्यांना पांढरा पासपोर्ट मिळाला तर ती नोट लागणार नाही.

नाशिकरोडकर
पासपोर्टचं सांगतो. पुस्तिका छापतात आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, पण पांढरी देतं दिल्लीतलं परराष्ट्र मंत्रालय. टिळक मार्गावर पतियाळा हाऊसमध्ये सीपीव्ही (कॉन्सुलर, पासपोर्ट, व्हिसा) विभाग आहे, तो. (2008 मध्ये चिपचे पासपोर्ट पहिल्यांदा निघाले तेही राजनैतिक आणि ऑफिशियल वर्गासाठीच. पहिला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांना मिळाला.)

पासपोर्ट सेवा पोर्टलवर डिप्लोमॅटिक/ऑफिशियल हा पर्याय वेगळा आहे. घाईत नेहमीचा फॉर्म भरला तर निळाच पासपोर्ट हातात येतो आणि सगळं पहिल्यापासून. अर्जाच्या प्रिंटला कार्यालयाचं ओळखपत्र, कार्यालयप्रमुखाचं प्रमाणपत्र आणि वरून आलेलं अग्रेषण पत्र जोडायचं.

ज्यांच्याकडे निळा आहे त्यांनी तो आधी जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, त्याचा अर्ज त्याच पोर्टलवर स्वतंत्र आहे. एकाच वेळी दोन्ही खिशात ठेवता येत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आपल्या सेवापुस्तकात आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि स्वतःचं व वडिलांचं नाव एकत्र दुसऱ्या रकान्यात. एजंट सेवापुस्तक बघून तिकीट काढतो आणि वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जातं. पासपोर्ट हातात आल्यावर त्याच्यावरूनच तिकीट काढा, अक्षर न् अक्षर.

गोदाकाठ
व्हिसामाफी म्हणजे जायची परवानगी नव्हे, हे साहेबांच्या कानावर घाला. पॉलिटिकल क्लिअरन्स, म्हणजे परदेश दौऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाची मंजुरी, वेगळा, तो परराष्ट्र मंत्रालयाच्या पोर्टलवरून घ्यायचा. 2024 मध्ये कर्नाटकातले एक खासदार राजनैतिक पासपोर्टवर जर्मनीला गेले, तेव्हा मंत्रालयाने हेच सांगितलं होतं: क्लिअरन्स मागितलाही नव्हता, दिलाही नव्हता, जर्मनीला त्या पासपोर्टवर व्हिसा लागत नाही म्हणून नोटही दिली नव्हती. व्हिसाच्या खिडकीवर एरवी जी तपासणी आपोआप होते ती इथे होत नाही, म्हणून कागद आपणच पुरे करायचे.

तुमच्या प्रश्नातली खरी मेख हॉटेल आणि गाडीत आहे. परदेशी संस्था शासकीय कर्मचाऱ्याचा खर्च करणार म्हणजे परदेशी पाहुणचार. एफसीआरए 2010 (परदेशी देणग्या आणि पाहुणचारावरचा कायदा) च्या कलम 6 खाली गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते, फॉर्म एफसी-2, प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी ऑनलाइन. निमंत्रण पत्रात कोण कशाचा खर्च करणार ते मोघम लिहिलेलं असेल तर आत्ताच बदलून मागा. 'सर्व व्यवस्था आम्ही करू' एवढ्यावर फाईल परत येते. दौऱ्याचा सगळाच खर्च शासन करणार असेल तर हा फॉर्म नको.

आस्थापना_नाशिक
एफसी-2 चं कोणीच बोललं नव्हतं. आभारी आहे. अदिस अबाबाचं काय करू?

टपालवाला
इथिओपिया पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. तिथल्या विमानतळावर 12 तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर दक्षिण आफ्रिका लसीचं प्रमाणपत्र मागते. परतीला आपल्याकडचा नियम त्याहून कडक. विमानतळाबाहेर पडलाच नाहीत तर सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याने मान्य केली तर. नाहीतर प्रमाणपत्राशिवाय आलेल्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. तिघांना पळवायचं नसेल तर दुबई किंवा दोहामार्गे काढा. दोनचार हजार वाचवायच्या नादात पडू नका.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर 30 दिवस शिल्लक हवी आणि कोरी पानंही हवीत.

नाशिकरोडकर
काउंटरची एक गोष्ट राहिली. मुंबईला चेक-इनवरचा माणूस पटकन साधा पासपोर्ट म्हणून नोंद करतो आणि सिस्टिम व्हिसा मागते. वाद घालू नका. पासपोर्टवर टाइपच्या रकान्यात निळ्याला 'पी' असतं, ऑफिशियलला 'एस', ते दाखवून पुन्हा तपासायला सांगा. जीआर आणि क्लिअरन्सच्या दोन-दोन प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. जीआरसोबत एक पानाचं इंग्रजी पत्र द्या, मराठी जीआर केपटाऊनच्या खिडकीवर कोण वाचणार!

आल्यावर पांढरा पासपोर्ट घरी न्यायचा नाही, कार्यालयात जमा करून पोच घ्यायची. त्यावर खासगी सहल करता येत नाही.