खाली कापसाचं गोदाम, वर मंगल कार्यालय आणि जिना एकच : हे चालवून घ्यायचं का?

आराखडेवाला

आमच्या तालुक्यात डांबरी रस्त्याला लागून एक इमारत उभी राहते आहे. खाली कापूस खरेदीचं गोदाम आणि दोन गाळे, वर ४० बाय ६० फुटांचं मंगल कार्यालय. स्लॅबच्या मोजमापासाठी मला बोलावलं, तेव्हा नकाशा पाहिला. वर जायला चार फुटांचा एकच जिना, तोही गोदामाच्या शटरला चिकटून. दुसरा जिना काढा म्हटलं, तर मालकापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच : "हे शहरातलं आहे, गावात कुठं एवढं लागतं?"

मला वाटतं, गावातच जास्त लागतं. का, ते सांगतो.

४० बाय ६० म्हणजे २४०० चौरस फूट, सुमारे २२३ चौरस मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेच्या (२०१६) चौथ्या भागात, हलत्या खुर्च्यांच्या दाटीच्या सभागृहात माणशी ०.६५ चौरस मीटर जागा धरतात. म्हणजे या हॉलमध्ये ३४० माणसं आली. आपल्याकडच्या लग्नात अक्षतांच्या वेळी तेवढी नक्कीच असतात. जिन्याची रुंदी माणशी १० मिलिमीटर धरायची, म्हणजे ३.४ मीटर जिना हवा. नकाशात आहे १.२ मीटर. तो १२० माणसांना पुरतो. बाकीचे २२० कुठून उतरणार?

हे झालं नुसतं रुंदीचं. आग लागली की गरम धूर वर चढतो आणि उघडा जिना त्याचं धुराडं होतं. गोदामातल्या कापसाने पेट घेतला तर धूर शटरमधून निघून सरळ त्याच जिन्यात शिरणार. म्हणजे वरच्यांना उतरायची वाट आणि धुराला चढायची वाट एकच. आगीत बहुतेक माणसं भाजण्याआधी धुराने गुदमरतात. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आगीत दहा तान्ही बाळं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आणि वेळ बघा. कापूस दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत येतो. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्तही तेव्हाच सुरू होतात. खाली गोदाम गच्च आणि वर वऱ्हाड गच्च, दोन्ही एकाच महिन्यात.

माझं म्हणणं एवढंच : दुसरा जिना इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, नकाशातच. नंतर आग विझवायचं लाल सिलिंडर टांगून हे काम भागत नाही. तुम्हाला काय वाटते?

---

कास्तकार_भाऊ

साहेब, हिशोब तुमचा बरोबर असन. पण तुमी कागदावर इमारत बांधून रायले अन मालक जमिनीवर. त्याचा प्लॉट रस्त्याला पन्नास फूट. त्यात दुसरा जिना काढला तं गाड्या लावाले जागा उरत नाई. गाड्या रोडवर लागल्या तं अपघात होते, ते कोणाच्या माथी?

दुसरं, नियमाचंच बोलाचं तं माह्या पुतण्यानं मले दाखवलं. सभागृहाच्या एका मजल्याचं क्षेत्र ५०० चौरस मीटरच्या वर असन तं दोन जिने. तुमचं तं २२३ च हाये. मंग काऊन त्या माणसाले भेव दाखवता?

तिसरं म्हणजे, हा हॉल झाला नाई तं पोरीचं लग्न लावाले लोकाइले तालुक्याले जा लागते. तिथलं भाडं अन वऱ्हाडाच्या गाड्यांचा खर्च, हे कर्जावर कर्ज हाये. ज्यानं गावात हॉल बांधाची हिंमत केली, त्याले आधार द्या ना जी. आमच्या बापजाद्यानं आंगणात मांडव टाकून लग्नं केली, तिथं कोणता जिना होता?

---

आराखडेवाला

भाऊ, पुतण्याने जे वाचलं ते २००५ च्या संहितेत आहे आणि पुष्कळ स्थानिक नियमावल्यांत तसंच्या तसं उतरलेलं आहे. मी ते नाकारत नाही. पण त्या कलमाने रुंदीचा हिशोब रद्द होत नाही. ३४० माणसांना ३.४ मीटर जिना लागतोच, मग तो एकाच ठिकाणी द्या नाही तर दोन ठिकाणी. सभागृहाला जिना किमान २ मीटरचा धरतात. दोन मीटरचे दोन जिने, दोन टोकांना, असं केलं की हिशोबही बसतो आणि धूर एका बाजूने आला तर दुसरी वाट उरते. साडेतीन मीटरचा एकच जिना बांधलात तर जागा जवळपास तेवढीच जाईल आणि वाट मात्र एकच राहील.

आंगणातला मांडव चारी बाजूंनी उघडा होता, भाऊ. कापड उचललं की माणूस बाहेर. पहिल्या मजल्यावरून कापड उचलून बाहेर पडता येत नाही.

---

बंब_चालक

नगर परिषदेच्या अग्निशमन गाडीवर आहे, म्हणून राहवलं नाही.

आमच्याकडे गाडी एक आणि गावं कितीतरी. मार्च ते मे शेताच्या धुऱ्याला (बांधाला) लावलेली आग, कडब्याच्या गंजी, गोठे, ट्रान्सफॉर्मर, हे सगळं त्या एका गाडीवर. तुम्ही फोन कराल तेव्हा मी दुसऱ्याच गावात असेन, हे धरूनच इमारत बांधा. शहरात बंब येईपर्यंत तग धरायचा असतो. गावात बंब येणारच नाही असं समजून बाहेर पडायचं असतं. म्हणून आराखडेवाल्यांचं खरं आहे.

पण त्यांच्याशी माझं एक भांडण आहे. दुसरा जिना बांधाल आणि सहा महिन्यांत त्याच्यावर गाद्या, मोडक्या खुर्च्या आणि डेकोरेशनचे पाइप रचाल. मी किती तरी कार्यालयांत गेलो आहे. मागचं दार असते, पण त्याच्यासमोर जेवणाचे टेबल लावलेले असतात. पायऱ्यांखाली आचाऱ्याची भट्टी आणि भरलेले सिलिंडर असतात, कारण तिथं सावली असते. दाराच्या जागी लोखंडी शटर असते आणि त्याची किल्ली मॅनेजरच्या खिशात. बाहेर पडायच्या वाटेवर शटर चालतच नाही. बिजागरीचं दार हवं, बाहेर उघडणारं. गर्दी मागून रेटते तेव्हा आत ओढायचं दार कोणालाच उघडता येत नाही.

आणि फाटकावरची स्वागत कमान! तिच्याखालून बंब जात नाही. आम्ही रस्त्यावर उभे राहून पाइप ओढतो. कमान उंच करा, नाही तर बाजूला दुसरं फाटक ठेवा.

कापसाचंही सांगतो. गाठीला लागलेली आग वरून विझलेली दिसते, पण आत धुमसत असते. पाणी दाबलेल्या गाठीत शिरत नाही. गाठ फोडून, पसरवून विझवावी लागते आणि त्यात रात्र जाते. अशा गोदामावर माणसं बसवणं मला मुळातच पटत नाही.

---

आर्वीची_लेक

तुम्ही सगळे हॉलमधल्या माणसांचं मोजताय. वधूपक्षाची खोली कुणी मोजली का?

ती नेहमी सगळ्यात मागे असते, स्टेजच्या पाठीशी. आत नवरी, पाच-सहा मैत्रिणी, दागिन्यांची पेटी म्हणून आतून कडी लावलेली. कोपऱ्यात गादीवर दोन-तीन तान्ही लेकरं झोपवलेली, त्यांच्याजवळ एखादी आजी, जिला गुडघ्यामुळे एक पायरीसुद्धा धरून उतरावी लागते. खिडकी एकच. तिच्यात कूलर बसवलेला असतो, ग्रिल कापून, लोखंडी चौकटीत वेल्डिंग केलेला. आपल्याकडे पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात कूलर लागणारच, त्याला माझी ना नाही. पण खिडकी तेवढ्याने गेली. उरलेल्या खिडक्यांना वानरांसाठी आणि चोरांसाठी पक्क्या जाळ्या.

हॉलमध्ये गाणी वाजत असताना त्या खोलीत कुणाला काही ऐकू येत नाही. धूर दाराखालून आत येईल तेव्हाच कळेल. त्या खोलीतून थेट दुसऱ्या जिन्यावर जाणारं दार नसेल, तर तुमचा दुसरा जिना त्या आजीच्या काय कामाचा?

माझं तर स्पष्ट मत आहे की हॉल खाली असावा आणि गोदाम दुसरीकडे. गावात जागेची एवढी तंगी नाही.

---

कास्तकार_भाऊ

ताई, जागेची तंगी नाई हे शेतात खरं हाये, रस्त्याले लागून नाई. रस्त्याचा गाळा भाड्यानं जाते म्हणून त्याच्या जिवावर वरचा हॉल होते. हॉल खाली आणला तं गोदामाचं भाडं गेलं अन बँकेचा हप्ता थकला.

कूलरचं मात्र तुमचं पटलं. माह्या घरीच तसा वेल्डिंग केलेला हाये. तो काढून चाकाच्या स्टँडवर ठेवतो म्हणतो.

---

ग्रामपंचायत_सदस्य

मी स्पष्ट विरोधात लिहितो आहे, राग मानू नये.

गावठाणातल्या बांधकामाची परवानगी आमच्याकडे येते. आमच्याकडे अभियंता नाही. ग्रामसेवक पाच कामांत अडकलेला. उद्या आम्ही या एका मालकाला दुसऱ्या जिन्यासाठी अडवलं, तर तो विचारणार : समोरच्या इमारतीत वर शिकवणी वर्ग चालतो, त्याला का नाही विचारलं? समाजभवनाला? आश्रमशाळेच्या वसतिगृहाला, जिथं रात्री पोरं बाहेर जाऊ नयेत म्हणून कुलूप लागते? जो नवीन बांधतो त्यालाच धरायचं आणि जुन्याला सोडायचं, हा न्याय नाही. शिवाय सक्ती केली की लोक परवानगी न घेताच बांधतात. मग आपल्या हाती काहीच उरत नाही.

आणि मोठी गर्दी जमते ती कार्यालयात कमी, मंडपात जास्त. सप्ताह, गणपती, नवरात्र, राजकीय सभा. तिथं कनातीला कनात शिवलेली, छताला झिरमिळ्या, खाली जनरेटर. आधी त्याचं काही तरी करा.

---

आराखडेवाला

सदस्य साहेब, मंडपाचं तुम्ही काढलंत ते बरं झालं. हरियाणातल्या डबवालीत २३ डिसेंबर १९९५ ला शाळेचा बक्षीस समारंभ एका मंगल कार्यालयाच्या आवारात, कापडी मंडपात होता. मंडप पेटला. बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं आणि त्यांच्या आया. मंडपासाठी भारतीय मानक आहे, आय. एस. ८७५८. त्याचा गाभा हाच की वाटा मोकळ्या ठेवा, पेट घेणारं कापड टाळा, जनरेटर आणि चूल मंडपापासून लांब ठेवा. याला पैसा फारसा लागत नाही, ग्रामसभेचा एक ठराव पुरतो. तो तुम्ही मांडा, मी पाठीशी आहे.

पण "आधी ते करा, मग हे" यात दोन्ही राहून जातात. शिकवणी वर्गाचं तुम्हीच म्हणालात. सुरतेत २४ मे २०१९ ला वरच्या मजल्यावरचे वर्ग पेटले, जिना लाकडी होता, तोच जळाला. २२ मुलं गेली, त्यांतल्या काहींनी खाली उड्या मारल्या होत्या. जुन्यांना एक वर्षाची मुदत द्या, नव्याला नकाशातच लावा. नव्या इमारतीत जिना काढणं सोपं, जुन्यात भिंत फोडावी लागते. फरक न्यायाचा नाही, स्लॅब पडला की नाही याचा आहे.

आणि अभियंता नाही म्हणून जबाबदारी कुणाचीच नाही, असं होत नाही. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा ती मालकावर किंवा ताबेदारावर टाकतो. बसवलेली यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र त्याने दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असते. गावातल्या किती कार्यालयांनी ते दिलं, एवढं जरी पंचायतीने विचारलं तरी पुष्कळ होईल.

---

गवंडी_मिस्त्री

मी सेंट्रिंगवाला आहे, माझं थोडं ऐका.

जिन्याला जागा नाही असं म्हणता, पण त्याच नकाशात दर्शनी बाजूला सहा फुटांची गॅलरी आणि दोन खोटे खांब आहेत, नुसते शोभेचे. ते काढा. मागच्या बाजूला बाहेरून सिमेंटचा जिना वळवता येतो, त्याला वर हॉलमधून एक आणि ताईंच्या त्या खोलीतून एक अशी दोन दारं. बाहेरचा जिना असला की धूर त्यात कोंडत नाही. पायरीची उंची सहा इंच ठेवा, चढ कमी, कठडा दोन्ही बाजूंनी, आजीबाईला धरता येईल. लोखंडी गोल जिना मात्र करू नका. साडीत कोणी उतरणार नाही त्याच्यावरून.

गोदाम आणि पुढच्या जिन्याच्या मधात नऊ इंची विटेची भिंत घ्या आणि शटर जिन्याकडून उचलून दुसऱ्या बाजूला न्या. शटर फिरवायला काही खर्च नाही, अजून भिंतच उभी नाही.

---

कास्तकार_भाऊ

मिस्त्री, शटर फिरवाचं अन भिंत घ्याचं मी स्वतः मालकाले सांगतो, तो माह्या सोयऱ्यातला हाये. दारं बाहेर उघडतीन, कमान उंच होईन. इतकं होते.

मागच्या जिन्याचं मी अजून मान्य करत नाई. मागं नाल्याकडं दहा फूट सोडले ते ट्रॅक्टर फिराले. जिना आला तं कापसाची गाडी गोदामाले लागन कशी? ते मले नकाशावर दाखवा, बोलण्यात नाई.

---

आराखडेवाला

दाखवतो. जिना नाल्याकडे न देता पूर्वेच्या अंगाला दिला तर ट्रॅक्टरचे दहा फूट तसेच राहतात, पण मग एका गाळ्याची साडेसहा फूट रुंदी जाते. म्हणजे भाडं कमी होणार, ते मी लपवत नाही. दोन्ही पर्याय काढून बुधवारी साइटवर आणतो. तुम्ही मालकाला घेऊन या आणि ट्रॅक्टरही आणा. चुन्याची फक्की टाकून जमिनीवरच आखून पाहू. बंबवाल्या दादांना जमलं तर त्यांनीही यावं, फाटकाची रुंदी त्यांच्या गाडीने मोजू.

---

बंब_चालक

बुधवारी माझी रात्रपाळी आहे, सकाळी येतो. गाडी आणता येणार नाही, तिला हलवायची परवानगी नसते. रुंदी आणि उंचीचं माप टेपने घेऊन येतो.