अनुभव धागा: फाटकावरची टोळकी, रात्रीचा डीजे, आणि तक्रार नेमकी कुठे द्यायची?

कुठली तक्रार हलते आणि कुठली नुसती फाईलला लागते, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहा. कट्ट्यावर बसणाऱ्यांची बाजूही चालेल.

रात्रपाळी
आधी एक गैरसमज काढू. नुसतं बसणं किंवा उभं राहणं हा गुन्हा नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ मध्ये कलम ११० आहे असभ्य वर्तनाचं, ११२ चिथावणीखोर वागण्याचं. दोन्हींचा दंड कलम ११७ खाली, १२०० रुपयांपर्यंत. रात्री रेंगाळण्याचं कलम १२२ बरेच जण फेकतात, पण त्यात माणूस नावाजलेला चोर तरी असावा लागतो, नाहीतर गुन्ह्याच्या इराद्याने तोंड झाकलेलं किंवा जवळ घरफोडीचं सामान असावं लागतं. कॉलेजची पोरं त्यात बसत नाहीत.

म्हणून अर्जात "मुलं बसतात, त्रास होतो" लिहिलंत की बीट मार्शल (गस्तीचा पोलीस) येणार, हटकणार, जाणार. असं लिहा: "रात्री ११.२० ते १२.०५, फाटक क्र. २ जवळच्या डीपीपाशी, ५-६ जण, दोन दुचाकी (क्रमांक), मोठ्याने शिवीगाळ, बाटली फोडली." मुलींवर शेरे मारले असतील तर तो परिच्छेद वेगळा. ते भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली) कलम ७९ होतं, दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, ३ वर्षांपर्यंत कैद.

बारनिशी
अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का, तारीख आणि ठाणे अंमलदाराची सही घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणजे अर्ज दिलाच नाही असं समजा.

डेसिबलकाका
आवाजाचं गणित वेगळं. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र सरकारने जाहीर केलेलं असेल, तर तिथे ५० आणि ४०. आवाज मर्यादेच्या १० डेसिबल वर गेला, किंवा रात्रीचा निर्बंध मोडला, की २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे तक्रार करता येते.

घोटाळा होतो तो वेळेचा. लोक सकाळी ठाण्यात जातात. तोवर डीजेच्या स्पीकरच्या भिंती काढून टेम्पो गेलेला असतो, मोजायचं काय? आवाज चालू असतानाच ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावा. मोबाईलवरचं ॲप स्वतःच्या अंदाजापुरतं. पोलिसांच्या मीटरवरची नोंद आणि पंचनामा हाच कागद.

प्रांतकचेरी
उघडं गटार, रस्त्यावर आलेला गोठा, धूर सोडणारी भट्टी हे रोजचे उपद्रव. त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या सीआरपीसीचं १३३. अर्ज कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे. तो सशर्त आदेश काढतो: अमुक मुदतीत हटवा, नाहीतर येऊन कारण सांगा. समोरच्याने कारण दिलं की कलम १५७ खाली पुरावा घेतला जातो. ९० दिवसांत संपवायचं, लेखी कारण देऊन १२०.

अर्ज पडतो तो एकाच कारणावर: उपद्रव "सार्वजनिक" नाही. धूर तुमच्या एकट्याच्या खिडकीत येत असेल तर तो दिवाणी वाद. तीन-चार इमारतींच्या, वाटेवरच्या दुकानदारांच्या सह्या हव्यात. आणि "निधी नाही" हे नगरपालिकेचं उत्तर ऐकून परत फिरू नका. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या गटारांच्या खटल्यात १९८० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलंय.

या नव्या संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाल्या, तेव्हापासूनच्या घटनेवर जुनी कलमं टाकू नका. झेरॉक्सवाल्याकडचे छापील नमुने अजून १३३ वरच अडलेत.

बाकडं
आता बसणाऱ्यांचं. २०१५ मध्ये मुंबईतल्या मढच्या हॉटेलांत बंद खोलीतल्या जोडप्यांनाही पोलीस कायद्याचं कलम ११० लावलं होतं, यावरून त्या कलमाची रबरासारखी ओढाताण कळते. समुद्रकिनारी कोणा पोलिसाने पैसे मागितले तर दोनच प्रश्न, आवाज न चढवता: कलम कोणतं, पावती कुठे? नाव-पत्ता मात्र नाकारू नका. अदखलपात्र गुन्ह्यातही तेवढ्यावरून अटक होऊ शकते (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९). सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी, तिन्ही लागतं.

रात्रपाळी
बाकडं, बरोबर. फाटकवाल्यांसाठी एक राहिलं: टोळकं बहुतेक बंद दिव्याखालीच जमतं. खांबावरचा नंबर टिपून आधी पालिकेत दिव्याची तक्रार टाका.