मदत हवी आहे: हिशेब जुळतो, तरी सी-सॉ आडवा का थांबत नाही?

मुलगी सहावीत आहे. विज्ञानात साधी यंत्रे चालू आहेत. तरफ, टेकू, बल, भार सगळं आलं. सोसायटीच्या बागेतल्या सी-सॉवर तिला ते करून बघायचं होतं आणि तिथेच घोडं अडलंय. जाणकारांनी कृपया मदत करावी.

फळी ३ मीटर, टेकू बरोबर मधोमध, म्हणजे दोन्हीकडे दीड-दीड मीटर. मुलगी ३० किलो, धाकटा २० किलो. तो टोकाला बसला तर २० गुणिले १.५ म्हणजे ३०, तेव्हा हिने टेकूपासून १ मीटरवर बसायला हवं. शिवणाच्या टेपने मोजून, खडूने रेघ ओढून ती तिथे बसली. दोन्ही बाजू जुळल्यात हे हाताला कळतं, एका बोटाने फळी वरखाली होते. पण आडवी काही राहत नाही. मी आडवी धरून सोडली की हळूहळू एक टोक खाली जातं. कधी हिचं, कधी त्याचं. दर वेळी एकच बाजू गेली असती तर मापात फरक आहे म्हटलं असतं.

आणखी एक गोष्ट. पूर्वी हा सी-सॉ करकरायचा, तेव्हा सारख्या वजनाची मुलं फळी आडवी करून मजेत पाय हलवत बसायची. कण्याला ग्रीस लावल्यापासून ते बंद झालं.

मुलगी विचारते, दोन्ही बाजू सारख्या, तर खाली कोणी जायचं हे ठरवतं कोण? आणि वाण्याचा तराजू मग आपोआप आडवा होऊन कसा थांबतो, तीही पहिल्या प्रकारचीच तरफ ना? प्रश्न मला फार आवडलाय, म्हणून थातूरमातूर उत्तर द्यायचं नाहीये. माझं शिक्षण कॉमर्सचं. साइन-कोसाइन न आणता सांगता येईल का? आणि ग्रीसमुळे काही बिघडलं असेल तर कमिटीला कळवायला हवं का?

प्रतिसाद १
मुलं स्थिर बसत नाहीत हे कारण असू शकेल. ३० किलोचा भार ५ सेंमी मागे रेलला तर दीड मीटरवरच्या टोकाला १ किलो ठेवल्यासारखं होतं. हलकी मुलं याच युक्तीने जड मुलाला उचलतात.

धागाकर्ती
धन्यवाद. तीच शंका आम्हालाही आली, म्हणून दोन्ही टोकांना २० लिटरचे भरलेले पाण्याचे जार उभे बांधून पाहिले. तरी तेच.

प्रतिसाद २
ताई, जार ठेवून बघितलेत हे उत्तम केलंत, आता उत्तर सोपं आहे. कमिटीला काही सांगू नका, सी-सॉ एकदम ठणठणीत आहे.

तुमचा हिशेब बरोबरच आहे. आर्किमिडीजने इ. स. पू. तिसऱ्या शतकात मांडलेला नियम तोच: वजनं अंतरांच्या व्यस्त प्रमाणात हवीत. पण त्या हिशेबातून एवढंच कळतं की फळी आडवी असताना दोन्ही बाजू जुळतात. जराशी कलल्यावर ती परत येईल की आणखी कलेल, हे त्यात येत नाही. ते ठरतं टेकूच्या मानाने वजन किती उंचीवर आहे त्यावर.

मूल फळीवर बसतं, म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य (जिथे सगळं वजन एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू) टेकूच्या वर असतो. फळी कलली की दोघंही तिच्याबरोबर कलतात आणि दोघांचाही भार खालच्या टोकाकडे सरकतो. खालचं मूल टेकूपासून लांब जातं, वरचं जवळ येतं. गुरुत्वमध्य २० सेंमी वर धरला तर १० अंश कलल्यावर दोघंही साधारण साडेतीन सेंमी सरकतात. मिळून ५० किलो आहेत, म्हणजे खालच्या टोकावर सव्वा किलोच्या आसपास जादा वजन टाकल्यासारखं झालं. कलणं वाढलं की तेही वाढतं. याला अस्थिर समतोल म्हणतात. सुरुवात कोणत्या बाजूने होते ते तुमचा हात सुटताना बसलेला झटका, वारा, कशानेही ठरतं.

करकरणाऱ्या कण्यात घर्षण इतकं होतं की ते ही छोटी ओढ अडवून धरायचं. ग्रीसने ते काढून टाकलं.

मुलीला एक दाखवा: फळी पाइपच्या वर बसवलेला साधा सी-सॉ रिकामा असला तरी आडवा दिसत नाही, एक टोक जमिनीला टेकलेलं असतं. फळीचं स्वतःचं वजनही टेकूच्या वरच आहे ना! तराजूत उलटं असतं. दांडीचा गुरुत्वमध्य मधल्या टेकूच्या किंचित खाली ठेवतात, त्यामुळे कललेली दांडी परत येते.

प्रतिसाद ३
मग फळीला दोन्हीकडे दप्तरं लांब दोरीने खाली लोंबकळत ठेवली तर? वजन टेकूच्या बरंच खाली जाईल.

प्रतिसाद २
लांब दोरीचा उपयोग नाही. दोरी हवी तशी वळते, त्यामुळे भार लागतो तो दोरी बांधलेल्या जागीच. वजन फळीशी घट्ट जोडलेलं असेल तरच त्याची उंची मोजायची. त्यापेक्षा जाड पुठ्ठ्याची लांब पट्टी घ्या, टाचणीने भिंतीच्या बोर्डावर सैल अडकवा. भोक वरच्या कडेजवळ असेल तर पट्टी डुलत आडवी थांबेल, खालच्या कडेजवळ असेल तर उलटेल, आणि अगदी मध्यावर असेल तर ठेवाल तशी राहील. जारही उभ्याऐवजी आडवे बांधून बघा.

धागाकर्ती
मनापासून आभार! दोन्ही केलं. आडव्या जारांनी फळी बराच वेळ रेंगाळली, मग हळूच गेली. उभे बांधले की लगेच जाते. पट्टी मध्यावर अडकवणं सगळ्यात अवघड गेलं, भोक केसभर इकडेतिकडे झालं तरी चालत नाही. आता मुलीचा पुढचा प्रश्न: बसायच्या जागा टेकूच्या खाली आणल्या तर सी-सॉ तराजूसारखा वागेल का?

प्रतिसाद २
वागेल, पण जागा एवढ्या खाली हव्यात की बसलेल्या मुलांचा गुरुत्वमध्यही टेकूखाली यावा. मात्र मग खेळायला फळी दर वेळी जोर लावून कलवावी लागेल. काही नव्या सी-सॉंमध्ये मध्ये स्प्रिंगा असतात आणि ते रिकामे असताना आडवे राहतात, तिथे परत आणायचं काम स्प्रिंग करते. असा एखादा जवळपास असेल तर तुमचे जार घेऊन जा.